नुसता मोबाइल देऊन भागलं नसतं

'घरात मोबाइल नव्हता म्हणून कोरोनात लहान मुलं मागे पडली' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. तिला ना स्मार्टफोन लागायचा, ना नेटपॅक. आमच्या शेजारची दुसरीतली पोर ती बघून चवळीच्या दाण्यांचे दहा-दहाचे ढीग मांडायची. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण मोजायला तीच बसायची! खरी उणीव वेगळी होती. शाळेच्या ग्रुपवर पीडीएफचा नुसता मारा; पालकांनी आज मुलासोबत नेमकं काय करायचं, हे दोन साध्या ओळींत कुणीच लिहीत नव्हतं. पुन्हा शाळा बंद ठेवायची वेळ आली, तर आधी त्या दोन ओळी पाठवा.