स्पेक्ट्रोमीटरची रचना ऑप्टिमायझरवर सोडावी का?

किरणरेखा
छोट्या चेर्नी-टर्नर स्पेक्ट्रोमीटरची (दोन आरसे आणि ग्रेटिंग वापरून प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारं यंत्र) रचना आधी सूत्रांवर बेतायची आणि रे ट्रेसिंग (संगणकावर किरणांचे मार्ग काढणं) पडताळणीपुरतं ठेवायचं, हा क्रम मला पटत नाही. ऑप्टिमायझर, म्हणजे चल बदलत सगळ्यात चांगली रचना शोधणारा सॉफ्टवेअरचा भाग, पहिल्यापासून चालवावा. समजा ६०० रेघा/मिमीची ग्रेटिंग (रंग वेगळे करणारा बारीक रेघांचा पृष्ठभाग), १०० मिमी नाभीय अंतराचे दोन गोलीय आरसे, २५ मायक्रॉनची स्लिट (प्रकाश आत येण्याची फट), डिटेक्टर टीसीडी१३०४ (एका ओळीत पिक्सेल असलेला सेन्सर), पट्टा साधारण ३५० ते ८०० नॅनोमीटर. आरशांचे कोन, ग्रेटिंगपासूनची अंतरं, डिटेक्टरचा कल, सगळे चल एकमेकांत अडकलेले. कोमा (प्रतिमेला एका बाजूला शेपूट फुटण्याचा दोष) घालवायचं सूत्र एका तरंगलांबीपुरतं चालतं. पट्ट्याची दोन्ही टोकं एकदम सांभाळणं हाताने होत नाही.

आरसेवाला
असहमत. ऑप्टिमायझर मागाल तेच देतो, आणि बहुतेक जण चुकीचं मागतात. तयार मेरिट फंक्शन (रचना किती चांगली हे ऑप्टिमायझरला सांगणारं माप) प्रकाशाच्या ठिपक्याची, म्हणजे स्पॉटची, आरएमएस (वर्गसरासरी) त्रिज्या कमी करतं, म्हणजे आडवा आणि उभा पसारा एकाच मापाने मोजतं. रिझोल्यूशन मात्र फक्त अपस्करणाच्या, म्हणजे रंग पसरतात त्या आडव्या, दिशेतल्या रुंदीवर ठरतं. उभ्या दिशेत पिक्सेल २०० मायक्रॉन उंच आहे, तेवढ्यात प्रतिमा मावली की झालं.

आता कागदावर बघा. किरण आरशावर १२ अंशांनी आपटले तर आडव्या आणि उभ्या दिशेचे फोकस ९७.८ आणि १०२.२ मिमीवर पडतात. फरक ४.४ मिमी, दोन आरशांचा मिळून जवळपास ९. एफ/४ ला (नाभीय अंतर झोताच्या रुंदीच्या चौपट) प्रतिमा २ मिमीहून उंच ताणली जाते आणि बहुतेक प्रकाश पिक्सेलच्या वर-खाली वाया जातो. डिटेक्टरपुढे दंडगोल भिंग हवं, हे इथेच कळतं. ते दिलं नाही तर ऑप्टिमायझर दोन्ही फोकसच्या मधे कुठेतरी थांबतो: रिझोल्यूशनही गेलं, प्रकाशही गेला.

किरणरेखा
हा दोष मेरिट फंक्शन लिहिणाऱ्याचा. आडव्या पसाऱ्याला पूर्ण वजन द्या, उभ्याला २०० मायक्रॉन ओलांडल्यावरच दंड लावा. पाच तरंगलांब्या घ्या, स्लिटचा मध्य आणि टोक दोन्ही घ्या. भिंगाची वक्रताही चल म्हणून सोडा.

जुळणीकर
दोघंही जुळणी विसरताय. ग्रेटिंग १ मिनिटाने (अंशाचा साठावा भाग) वळली तर रेषा साधारण ५८ मायक्रॉन, म्हणजे ७ पिक्सेल सरकते. ते चालतं. पारा-आर्गॉन दिव्याच्या ४०४.६६, ५४६.०७, ७६३.५१ वगैरे रेषांवर त्रिघाती बहुपदी बसवली की प्रश्न मिटतो. डिटेक्टरचा कल १ अंशाने चुकला तर मात्र मध्यावर काहीच दिसत नाही. टोकाला पाव मिमी डीफोकस होतो, एफ/४ ला ६४ मायक्रॉनचा डाग, तोही २५ च्या स्लिटसाठी! हे कॅलिब्रेशनने जात नाही. म्हणून माँटे कार्लोमध्ये (जुळणीतल्या चुका यादृच्छिक घेऊन केलेल्या चाचणीत) डिटेक्टरचं फोकस आणि कल हे दोन कॉम्पेन्सेटर, म्हणजे चूक भरून काढायला हलवता येणारे भाग, ठेवा, आणि खोक्यात त्यांचे स्क्रू खरोखर द्या. नाहीतर सॉफ्टवेअर सुधारतं ते जुळणी करणाऱ्याला सुधारता येत नाही.

आरसेवाला
कॉम्पेन्सेटरचं शंभर टक्के मान्य. तरी एक गोष्ट सीक्वेन्शियल ट्रेसिंगला (किरण ठरलेल्या क्रमानेच पृष्ठभागांवर नेणारं ट्रेसिंग) कधीच दिसत नाही, कारण ते एका वेळी एकच कोटी (ऑर्डर, म्हणजे ग्रेटिंग प्रकाश फेकते त्या अनेक दिशांपैकी एक) पाहतं. ३५० नॅनोमीटरची दुसरी कोटी नेमकी ७०० च्या पिक्सेलवर पडते. तिथे ही दुसरी कोटी अडवणारा ऑर्डर-सॉर्टिंग फिल्टर लागतोच. शून्य कोटी भिंतीवर आपटून परत येते ती वेगळीच. कोन ऑप्टिमायझरला देण्याआधी शून्य कोटीचा किरण पेन्सिलीने काढा आणि तिच्या सापळ्याची (तो प्रकाश शोषून घेणाऱ्या भागाची) जागा राखून ठेवा.

किरणरेखा
सापळ्याची जागा अट म्हणून मेरिट फंक्शनमध्येच घालता येते. पेन्सिल कशाला?