गौणवाक्यं ‘अँड’ने जोडता येतात

इंग्रजीत ‘अँड’ने फक्त दोन प्रधानवाक्यंच (स्वतंत्र उभी राहणारी वाक्यं) जोडता येतात, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. अँड, ऑर, बट यांना दोन्ही बाजूंना सारखा दर्जा लागतो. दोन्ही गौणवाक्यं (दुसऱ्या वाक्यावर अवलंबून असलेली) असली तरी चालतं.

हे उदाहरण घ्या: ‘द कंडक्टर सेड दॅट द रोड वॉज क्लोज्ड अँड दॅट द बस वॉज फुल.’ दोन्ही दॅट-वाक्यं ‘सेड’ची कर्मं आहेत. दुसरा ‘दॅट’ गाळला तर व्याकरण मोडत नाही, पण बस भरली होती हे कंडक्टर म्हणाला की लिहिणारा सांगतोय, ते कळत नाही. मराठीत एकच ‘की’ दोन्ही वाक्यांना पुरतो, म्हणून आपल्या मुलांकडून हा ‘दॅट’ हमखास सुटतो. तो लिहायला लावाच. आणि त्या ‘अँड’आधी स्वल्पविराम नको, दुसरं वाक्य सुटं वाटायला लागतं.

‘ऑल्दो इट रेन्ड, बट वी क्लाइम्ब्ड सिंहगड’ हे मात्र चूक. ही आपली जरी-तरीची सवय. ऑल्दोचं वाक्य गौण, पुढचं प्रधान, मग मध्ये ‘बट’ कशाला? दोन्हींपैकी एकच ठेवा.