बेपत्ता काकांऐवजी मुलगा प्रतिवादी?
गिरगावच्या घराच्या वाटपाच्या दाव्यात ४ वर्षं बेपत्ता असलेल्या काकांचं नाव काढून त्यांच्या मुलाला प्रतिवादी करा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया थांबा! ७ वर्षं काहीच खबर नसेल तरच मृत्यू गृहीत धरतात. तोवर मुलगा वारस नाही. काकांना वगळलंत तर आवश्यक पक्षकार जोडलेला नाही म्हणून दावाच अडेल. शेवटच्या पत्त्यावरून समन्स परत आलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) ऑर्डर ५ रूल २० खाली वर्तमानपत्रातून बजावणीची परवानगी मागा. मिळकत वडिलोपार्जित असेल किंवा मुलगा तिथे राहत असेल, तर ऑर्डर १ रूल १० खाली त्यालाही जोडा, पण काकांच्या जोडीने. आणि उशीर नको: मुलापुरता दावा सहसा त्याला जोडल्या दिवशी दाखल झाला असं धरतात, त्यामुळे मुदत उलटू शकते. आधीची, म्हणजे मूळ दाव्याची तारीख हवी तर त्याला न जोडण्याची चूक प्रामाणिक होती हे अर्जातच मांडा.