ती धुरा की तो धुरा?

दर्यापूर तालुक्यात दहावीला मराठी शिकवते. परवा म्यानमारवरचा एक लेख वाचताना ‘विरोधकांच्या हाती सत्तेची धुरा येऊ नये अशीच तिथल्या संसदेची रचना आहे’ हे वाक्य आलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, धुरा हाती कसा येईन? तो तं वावरात रायते!” वर्ग हसला, पण पोराचं चुकलं नव्हतं. हे दोन शब्द वेगळे करून कसे सांगावेत?

— ताई, सामान्यरूप बघायला सांगा. सत्तेची ती धुरा: धुरेवर, धुरेला. मूळ संस्कृत ‘धुर्’, म्हणजे जू. धुरीण आणि धुरंधर त्यातूनच आले. आपल्या वऱ्हाडातला तो धुरा, म्हणजे बांध: धुऱ्यावर, धुऱ्याले.

पण त्या पोराला अर्थही सांगा, कारण विषय त्याच्या वावरातलाच आहे. म्यानमारच्या 2008 च्या घटनेनं संसदेतल्या 25 टक्के जागा लष्कराला दिल्या आणि घटनेतल्या महत्त्वाच्या दुरुस्तीला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागतील असं ठरवलं. म्हणजे लष्कराची संमती नसेल तर घटनेतलं महत्त्वाचं काही हलतच नाही. 2015 मध्ये विरोधी नेत्या आँग सान स्यू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमतानं आला, तरी गृह, संरक्षण आणि सीमा ही तिन्ही खाती सेनापतीच्याच माणसांकडे राहिली. हाँगकाँगात 2021 मध्ये जागा 70 वरून 90 केल्या आणि लोकांनी थेट निवडून द्यायच्या मात्र 35 वरून 20 वर आणल्या. माझी आजी म्हणे, “धुऱ्यावर उभं राहून वखर हाणता येत नाई.” विरोधकांना तिथंच उभं केलंय.

— काका, हे आपल्या नागपुरातही घडलंय. 1923 च्या निवडणुकीत मध्यप्रांताच्या कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या प्रांतिक विधिमंडळात, स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं. शिक्षण, शेती ही ‘सोपीव’ खाती मंत्र्यांकडे. पोलीस, महसूल ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरकडे. स्वराज्य पक्षानं मंत्रिपदं घेतली नाहीत आणि 1924 मध्ये गव्हर्नरनं नेमलेल्या मंत्र्यांचा पगार वर्षाला 2 रुपयांवर आणला. गव्हर्नरनं काय केलं? सोपीव खातीही स्वतःच्या हाती घेतली! हे वाचताना मला आजही राग येतो. ‘सोपीव’ हा शब्द मुलांना जरूर समजावून द्या. सोपवलेलं परत घेता येतं, हे त्या शब्दातच आहे.

— दादा, वर्तमानपत्रं अशा कारभाराला ‘संकरित राजवट’ म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे संकरित म्हटलं की ज्वारी नाहीतर सरकी आठवते. शेतकरी ती जास्त पिकावं म्हणून पेरतो. ‘अर्धी लोकशाही’ म्हणा, चौथीतल्या पोरालाही कळेल.

— काका, दादा, दोघांचेही आभार. उद्या फळ्यावर ‘धुरेवर’ आणि ‘धुऱ्यावर’ शेजारी शेजारी लिहिते. आजीचं वाक्य त्याच पोराकडून मोठ्यानं वाचून घेईन.