जीएसएम टॉवरवरून काढलेली पीपीएम त्रुटी दर वेळी बदलते. कोणता आकडा ग्राह्य धरावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे आरटीएल२८३२यू चिप आणि आर८२०टी२ ट्यूनर असलेला साधा यूएसबी डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक) आहे. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास हौशी रेडिओ उपग्रहांचे एसएसबी (अरुंद पट्ट्यात आवाज पाठवण्याची पद्धत) संकेत ऐकायचे असल्यामुळे त्याची वारंवारता नेमकी किती पीपीएमने (दशलक्षामागे किती भागांनी) चुकते हे मला काढायचे आहे. कॅलिब्रेट-आरटीएल ही आज्ञावली वापरून जीएसएम (दुसऱ्या पिढीची मोबाइल सेवा) ९०० पट्ट्यातील एका चॅनेलवर मोजणी केली, तेव्हा डोंगल जोडल्याबरोबर ५२ पीपीएम असे उत्तर आले आणि अर्ध्या तासाने त्याच चॅनेलवर ४७ पीपीएम आले. आरटीएल-टेस्ट या दुसऱ्या आज्ञावलीच्या पीपीएम चाचणीत तिसराच आकडा दिसतो आणि तोही हलत राहतो. १८०० पट्ट्यात तर एकही चॅनेल सापडत नाही. यांपैकी कोणत्या आकड्यावर विसंबावे, आणि १८०० मधील शांतता हे डोंगल बिघडल्याचे लक्षण समजावे का?

उत्तर १

डोंगल बिघडलेला नाही. आर८२०टी२ ट्यूनरची धाव साधारण १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच आहे आणि १८०० पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे येणारे संकेत १८०५ च्या पुढे सुरू होतात, त्यामुळे तिथे काही न सापडणे हेच अपेक्षित आहे.

दोन आकड्यांपैकी ४७ घ्यावा. डोंगलमधील २८.८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे वारंवारतेचा आधार असलेला स्फटिक, तापमानानुसार सरकतो, आणि चिप स्वतःच बऱ्यापैकी तापत असल्याने पहिल्या काही मिनिटांतील मोजणी ही तापत असलेल्या क्रिस्टलची मोजणी असते. हा पाच पीपीएमचा फरक ४३५ मेगाहर्ट्झवर सुमारे २.२ किलोहर्ट्झ होतो, म्हणजे एसएसबीच्या एका आवाजाची जवळजवळ संपूर्ण रुंदी. ज्या ठिकाणी आणि ज्या अवस्थेत ऐकणार, त्याच अवस्थेत डोंगल चालू ठेवून मोजावे. खिडकीतल्या उन्हात ठेवलेल्या डोंगलचा आकडा रात्री उपयोगी पडत नाही.

आरटीएल-टेस्टचा आकडा मी तरी बाजूला ठेवीन. ती चाचणी डोंगलकडून आलेले नमुने संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहते, आणि ते घड्याळ स्वतःच काही पीपीएमने चुकलेले असू शकते. शिवाय यूएसबीवरून नमुने तुकड्यातुकड्यांनी येत असल्यामुळे थोड्या वेळाच्या मोजणीत आकडा हलणारच.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र टॉवरवर एवढा भरवसा का ठेवायचा, हे समजून घेतले तर चुकीचे उत्तर ओळखणे सोपे जाईल. मोठ्या क्षेत्रासाठीच्या जीएसएम केंद्राने आपली वाहक वारंवारता (संकेत ज्या मूळ वारंवारतेवर वाहून नेला जातो ती) ०.०५ पीपीएमच्या आत राखली पाहिजे असे मानक सांगते, म्हणजे ९४७ मेगाहर्ट्झवर पन्नास हर्ट्झदेखील चूक नाही. फोनला स्वतःची वारंवारता जुळवून घेता यावी म्हणून हे केंद्र ठरावीक अंतराने एक स्फोट (बिटांचा छोटा गट) पाठवते, ज्यात १४२ शून्य बिटे आणि दोन्ही टोकांना तीन-तीन शून्ये असतात. वाहकावर बिटे चढवण्याच्या जीएमएसके पद्धतीत सलग शून्यांचा परिणाम म्हणून शुद्ध एकसुरी संकेत निर्माण होतो, आणि तो वाहकाच्या बरोबर ६७.७ किलोहर्ट्झ वर असतो. एकावन्न फ्रेमच्या (ठरावीक कालखंडांच्या) चक्रात हा स्फोट पाच वेळा येतो, म्हणजे साधारण दर ४६ मिलिसेकंदांनी. आज्ञावली तो सूर शोधते आणि अपेक्षित जागेपासून तो किती ढळला आहे ते मोजते. यात कोणाचे संभाषण किंवा माहिती उलगडली जात नाही, कारण त्या स्फोटात माहितीच नसते.

उदाहरणार्थ, चॅनेल ६० ची वारंवारता ९३५ अधिक ०.२ गुणिले ६०, म्हणजे ९४७ मेगाहर्ट्झ, सूर ९४७.०६७७ वर हवा. आपला क्रिस्टल ४७ पीपीएमने चुकत असेल तर तो सुमारे ४४.५ किलोहर्ट्झने सरकलेला दिसेल. चॅनेलमधील अंतर २०० किलोहर्ट्झ असल्यामुळे इतके सरकणे चालते, पण त्रुटी शंभर पीपीएमच्या पलीकडे गेली की वाहक शेजारच्या चॅनेलच्या हद्दीत शिरू लागतो; अशा डोंगलसाठी ढोबळ अंदाज आज्ञावलीला आधीच द्यावा लागतो.

किमान तीन-चार चॅनेलवर मोजून पाहावे. खऱ्या चॅनेलवरची उत्तरे एकमेकांपासून एका पीपीएमच्या आत असतात. एखादेच उत्तर फटकून असेल तर तो बहुधा अतिरिक्त गेनमुळे (संकेत गरजेपेक्षा जास्त वाढवल्याने) उमटलेला खोटा संकेत असतो. टॉवर जवळ असेल तर गेन कमी करून पुन्हा मोजावे. चालत्या वाहनातून मात्र मोजू नये, कारण सेकंदाला तीस मीटर वेगाने डॉप्लरमुळे (गतीने वारंवारता बदलल्यामुळे) ०.१ पीपीएम सरक येते, जी केंद्राच्या स्वतःच्या चुकीहून मोठी आहे.

उत्तर ३

एक पुरवणी. अनेक देशांत जीएसएम सेवा बंद झाली आहे, त्यामुळे ९०० पट्ट्यात काही न सापडणाऱ्यांनी एलटीई या चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेचे संकेत शोधणारी एलटीई-सेल-स्कॅनर ही आज्ञावली वापरावी. एलटीईचा प्राथमिक समकालन संकेत दर पाच मिलिसेकंदांनी येतो आणि वाहकाच्या मधल्या सुमारे एक मेगाहर्ट्झमध्ये मावतो, म्हणून दहा किंवा वीस मेगाहर्ट्झचे पूर्ण वाहक या डोंगलला पेलत नसले तरी एवढा भाग सहज पकडता येतो. अडचण एवढीच की तिथे उपवाहकांमधील (वाहक ज्या लहान वाहकांत विभागलेला असतो त्यांच्यामधील) अंतर फक्त १५ किलोहर्ट्झ आहे. ४७ पीपीएमची चूक ८०० मेगाहर्ट्झवर साडेसदतीस किलोहर्ट्झ होते, आणि आज्ञावलीला अनेक अंदाज तपासत बसावे लागते. मोजणीला वेळ लागला तर ती अडकली आहे असे समजून बंद करू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. डोंगल तापल्यानंतर चार चॅनेलवर ४६.९ ते ४७.४ अशी उत्तरे आली. अपूर्णांक कुठे भरायचा?

उत्तर २

डोंगल चालवणारी लिबआरटीएलएसडीआर ही लायब्ररी पूर्णांकच स्वीकारते, तेव्हा ४७ भरावा. काही आज्ञावल्या चिन्ह उलटे धरतात, म्हणून माहीत असलेल्या एखाद्या वाहकावर पडताळून पाहावे; चिन्ह चुकले तर त्रुटी नाहीशी होण्याऐवजी दुप्पट होते. उरलेला ०.४ पीपीएम ४३५ मेगाहर्ट्झवर १७४ हर्ट्झ होतो, आणि तेवढे हाताने जुळवता येते. खालच्या कक्षेतील उपग्रहाचा डॉप्लर या पट्ट्यात दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे वारंवारता सतत सरकवणारी आज्ञावली तशीही लागणारच आहे.