मदत हवी आहे: गाडीशिवाय कोल्हापूर कसं बघावं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन कोल्हापूरला येतोय. ज्याला विचारावं तो 'गाडी ठरवा' म्हणतो, पण आम्हाला शहर पायी आणि बसनंच बघायचंय.

अंबाबाईचं दर्शन, शेजारचा भवानी मंडप, शाहू महाराजांच्या काळातलं खासबाग मैदान, बिंदू चौक आणि गंगावेशीतून पंचगंगा घाट, हे सगळं चालतच करू. जुन्या पेठा गाडीच्या काचेतून दिसतच नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

अडचण पुढची. न्यू पॅलेस आणि कसबा बावड्यातलं शाहू जन्मस्थळ बघायला केएमटी (शहर बस) कुठून पकडावी? किती वेळ थांबावं लागतं? पन्हाळ्याहून शेवटची एसटी कधी सुटते? रंकाळ्यापर्यंत फुटपाथ धड आहे का? आईला उन्हात फार वेळ उभं राहवत नाही.