जुन्या कॅम्परव्हॅनमधील आतले टेबल बाहेर वापरण्याजोगे कसे करावे?

नेकरकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. आमच्याकडे १९८६ ची फोक्सवॅगन टी-३ व्हॅन असून तिची आतली सजावट वेस्टफालिया या जर्मन कंपनीची, ‘जोकर’ प्रकारातली आहे. मागच्या बाकासमोरचे टेबल एका वाकवलेल्या नळीवर फिरते, आणि नळीचे दुसरे टोक ब्रॅकेटमधून मोकळे केले की सगळे टेबल बाहेर काढता येते. बोडेनझे सरोवराच्या काठी मुक्कामाला गेलो की आमचे जेवण बाहेरच होते. त्यातून नाशिकहून आईबाबा आलेले असले की चौघांच्या सामानात घडीचे वेगळे टेबल ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून हेच टेबल बाहेरही वापरावे असा विचार आहे.

फळी साधारण १०० × ५० सेंमी आहे. वर सनमायका आहे, पण एका कोपऱ्यात कडेची पट्टी सुटली असून आतला पार्टिकल बोर्ड दिसतो. गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ नंबरप्लेट असल्यामुळे मूळ वस्तूंची मोडतोड करण्याची मनाची तयारी नाही. पाय कसे बसवावेत आणि दवापावसापासून फळी कशी वाचवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

रंधा_आणि_पटाशी

पायांचा विचार करण्याआधी त्या सुटलेल्या कोपऱ्याकडे लक्ष द्या. सनमायक्यातून पाणी आत जात नाही, ते शिरते कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. सुटलेली पट्टी अलगद काढा, कड दोन दिवस घरात कोरडी होऊ द्या, मग पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट राळ) ब्रशने लावा. पहिला हात बोर्ड पिऊन टाकतो, म्हणून तो पुरता सुकण्याआधी दुसरा द्यावा आणि तो वाळल्यावरच पट्टी पुन्हा बसवावी.

पायांसाठी बाजारात चकतीसारखे सॉकेट मिळतात. ते फळीच्या खालून बसवायचे आणि त्यांत निमुळत्या तोंडाच्या नळ्या दाबून घालायच्या. मात्र पार्टिकल बोर्डात साधा स्क्रू फार काळ धरत नाही, कारण पाय काढताघालताना पडणारा आडवा जोर भोक रुंदावत जातो. त्यामुळे पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) एपॉक्सीत बसवून त्यांत बोल्ट घ्यावेत. भोक पाडताना ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टीची खूण करा. १५ मिमीच्या फळीत १० मिमीच्या पुढे गेलात तर वरच्या सनमायक्यावर फोड उठेल.

बसवेडा_लीड्स

वरील उत्तरातील कडेच्या दुरुस्तीशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु मूळ फळीला भोके पाडण्यास माझा ठाम विरोध आहे. ज्या नळीवर टेबल फिरते ती नळी आणि तिचा ब्रॅकेट हीच या रचनेतली खरी मौल्यवान गोष्ट आहे. फळी कोणताही चांगला सुतार पुन्हा करून देईल. तेव्हा मूळ फळीची कड दुरुस्त करा, ती कापडात गुंडाळून घरी जपून ठेवा, आणि त्याच मापाची दुसरी फळी करून त्याच नळीवर चढवा. आत-बाहेर दोन्हीकडे तीच वापरा.

जुनी फळी उलटी ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा उतरवून घ्या. नळी फळीला जोडणाऱ्या पट्टीची भोके मोजपट्टीने मोजण्यापेक्षा कागदावर घासून उतरवली तर एक मिमीचाही फरक पडत नाही. १२ मिमी बर्च प्लायची एवढी फळी सुमारे ४ किलो भरते, पॉप्लरची पावणेतीन किलोच्या आसपास. नळीवर आणि ब्रॅकेटवर भार कमी यावा म्हणून मी पॉप्लर घेईन, फक्त ते पाण्याला टिकणाऱ्या सरसाने जोडलेले आहे याची खात्री करून घ्यावी. सनमायका दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला तर दमट हवेत उघडी बाजू फुगते आणि फळी धनुष्यासारखी वाकते. सरसही उन्हात टिकणारा हवा, नाहीतर भर दुपारी तापलेल्या फळीच्या कडा उचलू लागतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९५० च्या दशकात वेस्टफालियाने ‘कॅम्पिंग बॉक्स’ हा व्हॅनमध्ये बसवायचा फर्निचरचा संच विकायला आणला, तेव्हा त्यातले फर्निचर काढता-घालता यावे हाच मुख्य हेतू होता; आठवडाभर गाडी कामाला लावायची आणि सुट्टीत तिचेच घर करायचे. त्यामुळे आपण टेबल बाहेर नेता आहात यात मूळ कल्पनेशी विसंगत असे काहीच नाही.

नेकरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दुसरी फळी करण्याचे पक्के केले आहे. आता प्रश्न पायांचाच उरतो: तीन असावेत की चार, आणि उंची किती ठेवावी? आमच्या खुर्च्या बुटक्या आहेत, बैठक जमिनीपासून जेमतेम ३५ सेंमीवर येते.

रंधा_आणि_पटाशी

बैठक ४५ सेंमीवर असेल तर टेबल ७० ते ७४ सेंमी चालते. म्हणजे बैठकीपासून फळीपर्यंत २५ ते ३० सेंमी अंतर राहते. त्या हिशेबाने आपल्याला ६० ते ६५ सेंमी उंची सोयीची पडेल.

तीन पाय कोणत्याही खडबडीत जमिनीवर डगमगत नाहीत, हे खरे. पण आयताकृती फळीच्या ज्या टोकाला एकच पाय असतो, तिथल्या कोपऱ्यावर कोणी कोपर टेकले की टेबल कलंडू शकते. घरात वडीलधारी माणसे असल्याने मी चार पायच घेईन, त्यांतले दोन लांबी कमीजास्त करता येणारे. सॉकेट थोडे तिरपे बसवून पाय बाहेर फाकवा, मात्र खुर्ची सरकवताना त्यांना ठेच लागेल इतके नाही. ओल्या गवतात नळ्या रुततात, म्हणून खाली रुंद रबरी टोप्या हव्यात.

बसवेडा_लीड्स

‘एच’ प्लेटसाठी तपासणी होते तेव्हा गाडीची मूळ रचना आणि अवस्था पाहिली जाते. आपली मूळ फळी घरी शाबूत असणार आहे. तपासणीच्या दिवशी तीच नळीवर चढवून न्या, म्हणजे प्रश्नच राहणार नाही. प्रवासात मात्र नवी फळी नळीवर तशीच ठेवू नका. ती बाकाच्या पाठीमागे उभी ठेवून पट्ट्याने आवळा, आणि पाय पिशवीत घालून बाकाखालच्या कप्प्यात टाका. करकचून ब्रेक लागल्यावर तीन किलोची सुटी फळी पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवरून येते.